माकडांनी पाडलेल्या कैऱ्या

पाहुणघराचं पत्रक मीच लिहिलं होतं. पहिली ओळ : 'इथे वाघ दाखवला जात नाही.' दुसरी : 'वाघ आहे, पण तो कुणाच्या नोकरीत नाही.' त्याखाली जाड अक्षरांत नियम. गावात शिरताना विचारा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. तलावात साबण नेऊ नका. दारू पिऊन पाळीवर फिरू नका, पाळ अरुंद आहे आणि तुम्हाला काढायला कुणी उडी मारणार नाही. माझी मैत्रीण म्हणाली, हे वाचून कोण येईल? मी म्हटलं, ज्याला यायचं तो येईल. खरं तर मला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. पाच-सहा वर्षं मी पत्रकंच लिहीत आले होते. वनहक्काचं, न झालेल्या रस्त्याचं, शाळेत मास्तर नाही त्याचं. हातात पेन आलं की वाक्याच्या शेवटी कुणीतरी दोषी सापडायचाच.

पाहुणघरही तसंच, पत्रकातून निघालं. मी मूल या तालुक्याच्या गावची. धानोऱ्याकडच्या या गावात आले ती वनहक्काच्या कामासाठी. गावाला मोठा जुना तलाव आहे. तीन बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या. एका शहरी व्यापाऱ्याला तलावाचा काठ भाड्याने हवा होता. झोपड्या बांधणार, मोटारबोटी आणणार, गावाला 'रोजगार' देणार. मी लागोपाठ चार पत्रकं काढली. 'तलाव कुणाच्या बापाचा?' हे त्यातल्या एकाचं नाव. ग्रामसभेने त्याला नाही म्हटलं. मी एक दिवस फार खुशीत होते.

पुढच्या सभेत चाळिशीची एक बाई उभी राहिली. मला म्हणाली, "हे नाई, थे नाई, असं तू चार कागदं लिवले. मंग काय व्हय, थे त सांग."

माझ्या कोणत्याच पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर तिच्याकडेच होतं. पाळीच्या टोकाला तलावाच्या चौकीदाराचं जुनं घर होतं, दोन खोल्या आणि मागे सयपाकघर. कित्येक वर्षं त्यात फक्त वटवाघळं राहत होती. ती म्हणाली, पाहुने आपनच ठेवू. ही पोट्टी शहरातल्या लोकायसंग बोलंन, मी रांधीन. तिचा हट्ट कशापायी आहे ते सगळ्या सभेला ठाऊक होतं. नवरा वारल्यापासून दर हिवाळ्यात ती मिरची तोडायला तेलंगणात जायची. मुकादमाची गाडी यायची, गाडीत मायलेकी दोघी बसायच्या, आणि पोरीची शाळा दोन-अडीच महिने बुडायची. पोरगी सातवीत पोचली होती तेच नवल. आणखी दोन हिवाळे असे गेले असते तर ती आईच्या शेजारी कायमची मिरचीच तोडत बसली असती.

ग्रामसभेने एक वर्ष दिलं. पुढच्या उन्हाळ्यात मरका पंडुम झाला की त्याच जागी सभा बसेल आणि ठरवेल, घर पाहुण्यांचं राहायचं की मोहफुलांचं गोदाम व्हायचं. मरका म्हणजे गोंडीत आंबा, पंडुम म्हणजे सण. गोदाम झालं तर तिच्यासाठी पुन्हा मुकादमाची गाडी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही पुढे जे केलं ते मीच केलं.

पाहुणे मात्र आले. माझ्या पत्रकामुळेच आले असं मी म्हणत असे. बाई म्हणायची, माह्या हातच्या मरळीच्या रश्श्यामुळे आले. वाघ विचारणारे एका दिवसात परतायचे. राहायचे ते पाखरंवाले. हिवाळ्यात पाण्यावर अडई बदकं उतरायची, शेकड्यांनी, आणि पहाटे त्यांच्या शिट्ट्यांनी घरातली भांडी वाजल्यासारखी वाटायची. पाळीच्या पल्याडच्या दगडांवर पाणमांजरांचं कुटुंब राहत होतं. मी जन्मापासून याच जिल्ह्यांच्या आसपास वाढले, पण पाणमांजर कधी पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी चहा घेऊन पाळीवर जायचे आणि ती दगडांवर पाठी घासताना बघत बसायचे. खाल्लेल्या मासळीचे खवले ती एकाच ठरलेल्या दगडावर टाकतात. तोच दगड का? मासे पकडणारे एक ढिवरभाऊ रोज त्याच वेळी डोंग्यातून जाळं काढायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आपलं बी कुठी ठरलेलं रायते का नाई? थ्यायचं बी तसंच."

"पण ती तुमच्या जाळ्यातली मासळी खातात. राग नाही येत?"

"येते ना. पन थे माह्या आजाच्या जाळ्यातली बी खात होते. आता वारस हक्क लागला थ्यायचा."

वारस हक्क हा शब्द त्यांनी माझ्याच पत्रकातून उचलला होता आणि मला तो परत ऐकवायला त्यांना फार आवडायचं.

मला प्रश्नांचं वेड लागलं. घोंगल्या, म्हणजे तलावातल्या गोगलगायी, फोडून खाणारे ते करकोचे पाऊस कधी येणार हे कसं ओळखतात? कमळाची पानं एकाच बाजूला का सरकतात? बाई चुलीशी बसलेली असायची, मी दारात उभी राहून विचारत असायचे. ती अर्ध्यांची उत्तरं द्यायची. एकदा वैतागून म्हणाली, "तुह्या तोंडात जीभ हाय का काऊन हाय?" काऊन म्हणजे का.

एक प्रसंग इथेच सांगून ठेवते, पुढे तो माझ्याच गळ्यात पडला. माघात चंद्रपूरचा एक फोटोवाला आला होता. मोठी लेन्स, मोठा आवाज. एका दुपारी तो सरळ बाईच्या घरात शिरला. तिची सासू आंघोळ करून केस पुसत बसली होती. हा फोटो काढतोय. मी पाळीवरून पळत गेले आणि त्याला जे बोलले ते गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. "विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही, हे लिहून दिलंय तुम्हाला. वाचता येतं ना?" त्याच संध्याकाळच्या गाडीने त्याला काढून दिलं. महिनाभर मी त्या गोष्टीवर खूश होते.

मग चैत लागला. मोहाचं झाड टपटपायला लागलं. या दिवसांत गावातलं कुणी पहाटे घरात नसतं, सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली. बाईसुद्धा पहाटेच जायची आणि आठच्या आत परत येऊन पाहुण्यांचं रांधायची. त्या वेळी नागपूरचं एक जोडपं उतरलेलं होतं. भाऊ बँकेतून निवृत्त, पाखरं मोजायचे. त्यांची बायको, पाहुणीबाई, पाखरांना कंटाळल्या होत्या, त्यांना सयपाकघर बघायचं होतं. दोघंही माझ्यासारखीच, दर दोन वाक्यांनी एक प्रश्न.

त्या सकाळी साडेआठ झाले, नऊ वाजत आले, बाईचा पत्ता नाही. जोडप्याला दहाची एसटी गाठायची होती. मी चूल पेटवली. डाळ शिजत टाकली. सयपाकघराच्या मागे तीन मोठे आंबे आहेत, आणि त्या दिवसांत त्यांवर माकडांचा धुडगूस असतो. एक कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, फेकून द्यायची. काहींना तर चावाही नाही, नुसत्या उडी मारताना गळालेल्या. खाली हिरवा सडा पडलेला. पाहुणीबाई म्हणाल्या, "अय्या, किती वाया चाललंय हो."

वाया जाणं मला सहन होत नाही. मी न उष्टावलेल्या चौदा कैऱ्या निवडून घेतल्या. पाच बाईच्या विळीवर चिरल्या. दोन डाळीत घातल्या, तिनांचा मिरची-मीठ घालून ठेचा केला. दोघं बोटं चाटत जेवले. उरलेल्या नऊ मी पिशवीत घालून त्यांना दिल्या. गावची भेट म्हणून. एसटी आली, ते गेले, मी पाळीवर उभी राहून हात हलवला.

बाई त्यानंतर अर्ध्या तासाने आली, डोक्यावर टोपली, हसत. "अस्वल बसलं होतं माह्या झाडाखाली," म्हणाली. "आरामात खाऊन राह्यलं होतं, एकेक फूल फुंकून. मी म्हनलं खा बाप्पा, तुहं झालं का मंग माहं. दोन घंटे बसवलं मले त्यानं." टोपली उतरवत ती सयपाकघरात शिरली. मला पुढचं विचारायचं होतं, फूल फुंकतं म्हणजे कसं. पण आतून आवाज बंद झाला.

मी गेले तर ती विळीसमोर उभी होती. विळीवर कैरीचा चीक वाळला होता. कोपऱ्यात सालं.

"म्याडम," ती म्हणाली.

वर्षभरात तिने मला पोरी म्हटलं, पोट्टी म्हटलं, एकदा रागाने येडी म्हटलं. म्याडम कधी नाही.

"म्याडम, पंडुम झाला का?"

इथे मला सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट सांगायला हवी. मला माहीत होतं. पंडुम होईपर्यंत आंबा घरात आणत नाहीत, कापत नाहीत, खात नाहीत. आधी गाव जमतं, गायता म्हणजे गावच्या देवाचं करणारा म्हातारा देवाला पहिला आंबा दाखवतो, मग सगळे खातात. हे मी फक्त ऐकलेलंच नव्हतं, छापलेलं होतं. वनहक्काच्या पत्रकात एक चौकट होती, 'आमचे पंडुम, आमचा कायदा'. ती चौकट मी लिहिली, मूलला छापून आणली, सरकारी ऑफिसच्या दारात वाटली. 'आमचा' हा शब्द मी स्वतःच्या हाताने जाड केला होता. आणि तो कायदा मी रोज ज्या चुलीवर चहा करते तिलाही लागू आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला वाटत होतं, तो साहेबांना दाखवायचा कागद आहे.

"मी तोडल्या नाहीत," मी म्हटलं. "माकडांनी पाडलेल्या होत्या."

तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी शिंपडलं. विळी धुऊन बाहेर उन्हात ठेवली. घराबाहेर पिंपळाखाली तीन दगड मांडले आणि स्वतःपुरता भात तिथे शिजवला. सयपाकघराची चूल तिने त्या दिवसापासून पेटवली नाही.

मी पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण काय, तर चूल बंद आहे. एकाने विचारलं, गॅस संपला का?

ढिवरभाऊंनी पिंपळाखालचे दगड पाहिले, मग मागे टाकलेली सालं पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं. "म्याडम, तुमी त नवरदेव यायच्या आधीच पंगत उठवली," म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, गावात सांगू नका. ते म्हणाले, "मी पान्यातला मानूस. मले आंब्याचं काय समजते?" आणि जाळं खांद्यावर टाकून गेले. त्यांच्या घरात वेगळे देव, त्यांना खरंच त्यात पडायचं नव्हतं.

म्हणजे माहीत होतं फक्त तिघांना. पंडुमाला बारा-तेरा दिवस होते. बाई सांगणार नव्हती, ते तिने दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केलं. "मी सांगतलं त चुगली व्हते. तू सांगजो. नाईतर नको सांगू. पन या चुलीवर कापलं, अना ही चूल माही म्हनतात सारे. उद्या कोनाले अस्वलानं धरलं, गारा पडल्या, त मले इचारतीन."

गप्प बसले तर घर बहुतेक वाचणार होतं. सांगितलं तर जे लोक आधीपासून गोदाम म्हणत होते त्यांच्या हातात आयतं कारण जाणार होतं, आणि मिरचीच्या गाडीत बसणार होती ती. मी दोन दिवस पाळीवर बसून हा हिशेब केला. पाणमांजरं आपली पाठी घासत होती. दुसऱ्यांचं झाकलेलं उघडं करण्यात मी इतकी वर्षं घालवली होती. कुठली फाइल कुणी दाबली, कुणी सही लपवली. दाबणारा माणूस आतून कसा असतो ते पहिल्यांदाच कळत होतं. त्याला आपण दाबतोय असं वाटतच नाही. तो कुणाचं तरी भलं करत असतो.

तिसऱ्या दिवशी मी निवेदन लिहिलं. जे येतं ते. बाईच्या पोरीने ते पिंपळाखाली मोठ्याने वाचून दाखवलं, अडखळत, पण एकही ओळ न गाळता. 'दिनांक अमुक रोजी पाहुणघराच्या सयपाकघरात अनवधानाने काही कैऱ्यांचा वापर झाल्याचे निदर्शनास आले असून...' पुढे माकडांच्या उपद्रवावर एक परिच्छेद होता. त्याच्यापुढे ग्रामसभेने पाहुणघराला नियमावली वेळेत न दिल्याबद्दल एक ओळ. होय, तीही मी लिहिली होती.

बाई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "चांगलं लिवलं. यात तू कुठी हायेस?"

मी कागद घेतला आणि फाडला. "चल," ती म्हणाली, "मी संग येतो, पन बोलजो तूच." दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गायताकडे गेले.

म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं : दादा, मी पंडुमाआधी कैऱ्या कापल्या, पाहुण्यांना खाऊ घातल्या, बाई तेव्हा घरी नव्हती, चूल तिची पण हात माझा. त्याने कामटी सोलणं थांबवलं नाही.

"कोनत्या झाडाच्या?"

"मागच्या. पण तोडल्या नाहीत. माकडांनी पाडलेल्या." मला राहवलं नाही. "माकडं तर रोज खातात, दादा. त्यांना कुणी काही म्हणत नाही."

"माकडाले ग्रामसभा नाई ना," तो म्हणाला.

बाईने पदर तोंडाला लावला. मी चिडले आणि हसूही आलं. मग मी ते विचारलं जे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. काऊन? कोय पक्की होईस्तोवर थांबलं तर बी धरतं, नवी झाडं उगवतात, त्यासाठीच हा नियम ना?

"असन. तसं लिवजो कागदात. साहेबायले पटते."

"आणि खरं काय?"

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "थो फोटूवाला आल्ता ना, हिच्या घरी घुसला थो. थ्याले तू काय म्हनलं होतं?"

सगळ्या गावाने ऐकलं होतं. मी ते परत म्हणायला तयार नव्हते, पण तो वाट बघत होता.

"विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही."

"मंग," तो म्हणाला, आणि पुन्हा कामटीला लागला.

मी आणखी काही विचारलं नाही. हे उत्तर आहे की नाही ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. बियांचं कारण मला जास्त पटतं. पण त्या अंगणात मी गप्प बसले ते बियांमुळे नाही.

"किती होत्या?" त्याने विचारलं.

"चौदा. पाच कापल्या. नऊ पाहुण्यांना दिल्या."

"थ्या कुठी हायेत?"

"नागपूरले."

म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला आला. मग डोळे पुसून म्हणाला, "आना."

मी नागपूरला फोन लावला. आयुष्यात इतक्या अधिकाऱ्यांना फोन केले, इतका अवघड एकही नव्हता. पाहुणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, पाचांचं लोणचं घातलं की मी."

"आणि चार?"

"फ्रीजमध्ये आहेत. थोड्या सुकल्यात."

तोवर भाऊंनी फोन ओढून घेतला. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. गायता म्हणजे काय, पंडुम कधी, आम्ही खाल्लं त्याचं काय, आम्हाला काही करावं लागेल का. मी म्हटलं, ते त्यांना विचारून सांगते, तुम्ही आधी कैऱ्या पाठवा. लोणच्यासकट. ते म्हणाले, लोणचं मुरलेलं नाही अजून. मी म्हटलं, भाऊ, मुरू द्यायचंच नाहीये.

एसटीच्या कंडक्टरच्या हातून पार्सल आलं. मी धानोऱ्याच्या स्टँडवर जाऊन घेतलं. कंडक्टर म्हणाला, काय आहे हो यात, सगळ्या गाडीला वास आला. पेपरात गुंडाळलेल्या चार सुरकुतलेल्या कैऱ्या आणि जामच्या जुन्या बरणीत लोणचं, झाकणाला दोऱ्याचे सात वेढे. बरोबर एक चिठ्ठी, भाऊंच्या अक्षरात, 'तलावावर मोजलेल्या पाखरांची यादी सोबत जोडली आहे'. आता यादी कशाला, ते कळलं नाही. कदाचित रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना बरं वाटलं नसेल.

गायताने बरणी कानाशी हलवली, नाकाशी धरली. "मेथी हाय यात," म्हणाला. गावात त्याआधी लोणचं झालेला आंबा परत कधी आलेला नव्हता, त्यामुळे दोन म्हातारे आणखी बोलावले गेले. अर्धा तास गोंडीत चर्चा झाली. मला त्यातले 'मरका' आणि 'नागपूर' हे दोनच शब्द कळले. ठरलं असं की बरणीचं झाकण पंडुमापर्यंत उघडायचं नाही, आणि ती त्या चार कैऱ्यांबरोबर देवापुढे ठेवायची. ज्यांनी खाल्लं त्या दोघांच्या नावाने मी एक-एक कैरी ठेवायची आणि तोंडाने सांगायचं. माझा दंड वेगळा, एक कोंबडा, आणि गाव जमेल तेव्हा पाणी मी वाहायचं.

पंडुमाच्या दिवशी मी तलावातून घागरी वाहिल्या. गावाने बघितलं, आणि ते मला घागरींपेक्षा जड गेलं. देवाच्या जागी हिरव्या कैऱ्यांच्या राशीशेजारी ती जामची बरणी चमकत होती. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं : मी कापल्या. त्या दोघांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. एवढंच. पानभर लिहायची सवय असलेल्या मला दोन वाक्यांत थांबणं कठीण गेलं.

मग तिथेच सभा बसली. ज्यांना गोदाम हवं होतं त्यांच्यातले एक भाऊ उठले आणि त्यांनी जे म्हटलं ते खोटं नव्हतं. "आज आंबा दिला पिशवीत भरून. उद्या चारोळी, मध, काय काय देईन. पाहुन्याले नाई म्हनता येत नाई हिले."

दुसरा म्हणाला, "म्हनते ना. फोटूवाल्याले कसं हाकललं."

"थ्याले हाकललं. गोड बोलनाऱ्याले हाकलत नाई."

हेही खरं होतं. मी उठून उत्तर देणार होते, माझ्याकडे सहा मुद्दे तयार होते. बाईने माझा हात धरून खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"घर चालू द्या," ती म्हणाली. "हिनं सोताहून सांगतलं, मी नाई सांगतलं. पन चूल माही. काय रांधाचं, काय नाई, कोनाच्या पिशवीत काय जाईन, थे मी ठरवीन. चाबी माह्यापाशी. ही पोट्टी बोलंन, लिवंन, पाखरं दाखवंन. अना आंबा लागला का पंडुमापर्यंत थ्या झाडाखाली मी जाईन, ही नाई."

कुणीतरी म्हणालं, माकडं? लोक हसले. गायता म्हणाला, थ्यायले कागद देजो.

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. मी गळ्यातली चावी काढून तिच्या हातात दिली. वर्षभर ती माझ्याकडे होती, आणि मला वाटत होतं मीच घर चालवते. ते टोचलं, नाही टोचलं असं म्हणणार नाही. मी विचारलं, "मग पत्रक?"

"तूच लिव. पन छापाच्या आधी वाचून दाखवजो."

आंबे कापले गेले. बाईने बरणीचे सात वेढे सोडले, एक फोड तोंडात टाकली, डोळे बारीक केले.

"मीठ कमी हाय," म्हणाली. "नागपूरवालीले फोन लाव."

त्या हिवाळ्यात अडई नेहमीच्या दिवशी उतरल्या. काही दिवसांनी मुकादमाची गाडी गावात आली आणि हॉर्न वाजवत पाळीपर्यंत आली. बाई सयपाकघराच्या दारात मासे साफ करत होती. पोरगी शाळेत होती. मुकादम गाडीतूनच म्हणाला, "चला बाई, गाडी भरून राह्यली."

"मले पाहुने हायेत," ती म्हणाली, आणि मासा उलटा करून दुसऱ्या बाजूचे खवले काढायला लागली.

मी ते खवले बघत होते. ती सगळे एकाच दगडावर टाकत होती. काऊन, असं विचारायला तोंड उघडलं, पण तिने मान वर न करताच हातातला विळा उचलून मला दाखवला.